पलटे १६०ला जातात, भूपाली मात्र वाजत नाही. बासरीचा रियाज कसा बदलावा?

वेळूबन:

बासरी ई बास (सा = पांढरी तीन), सहा छिद्रांची, साधारण ३० इंच. रियाज रोज दीड तास, तिसरं वर्ष चालू आहे. सध्याची वाटणी: १० मिनिटं नुसता सा, ४५ मिनिटं मेट्रोनोमवर पलटे (ठरावीक क्रमाने फिरणारे स्वरांचे सराव), उरलेल्या वेळात भूपाली आणि यमन.

अडचणी चार.

पलटे मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत, दुगुनीत (ठोक्याला दोन स्वर) स्वच्छ जातात. पण भूपालीचा आलाप लावला की तोही पलट्यासारखाच ऐकू येतो. स्वर बरोबर, राग गायब.

यमनमध्ये 'ग म॑ ध नि' घेताना म॑ (तीव्र म) आणि ध यांच्यामध्ये 'कुईं' असा घसरता आवाज येतो. जलद वाजवलं तर झाकला जातो इतकंच, जात नाही.

ट्यूनर ॲपवर ग हिरव्यात आणला की तानपुऱ्याशी बोचतो. तानपुऱ्याशी जुळवला की ॲप लाल. कोणाचं ऐकायचं? आणि तार सप्तकातला ग दोघांच्याही हिशोबाने चढतो.

मध्यलय तीनताल, ८०ची लय. एका श्वासात अर्धं आवर्तनही निभत नाही. मुखड्यापर्यंत (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीपर्यंत) पोचेतो छाती रिकामी.

वेळ वाढवणं शक्य नाही. याच दीड तासातून काय काढावं, काय घालावं? 'अजून पलटे वाजवा' सोडून काहीही सांगा.


मंद्रमध्य:

शेवटच्या वाक्याला +१.

पलट्यांची ४५ मिनिटं १५ वर आणा. वाचलेली ३० एका स्वरसंगतीला द्या. एका म्हणजे एकाच, आठवडाभर तीच.

पलट्यात सगळे स्वर एका पंगतीला बसलेले असतात, सगळ्यांना सारखंच वाढलेलं. रागात मानपान असतो. भूपालीत ग वादी (सगळ्यात मानाचा स्वर), ध संवादी (त्याच्या खालोखालचा). रे आणि प यांचं काम बरंचसं नेण्या-आणण्याचं. तुमची बोटं तीन वर्षं सगळ्यांना सारखं वाढायला शिकली आहेत, म्हणून आलापातही तेच करतात.

एक प्रयोग करा. सा रे ग प ध, एवढेच पाच स्वर. (ऽ म्हणजे स्वर लांबवायचा; खाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; वर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक.) पहिली पाच मिनिटं:

सा रे ग ऽ ऽ ऽ, रे ग ऽ, सा रे ध़ ऽ सा, रे ग ऽ ऽ

सगळे रस्ते ग वर येऊन थांबतात, आणि हालचाल मंद्र-मध्याच्या अंगाने. पुढची पाच मिनिटं:

सां ध ऽ ऽ ऽ, प, ग प ध ऽ प, ग प ग रे सा

आता मुक्काम ध वर, अंग तारेकडचं, रे ला जाता जाता स्पर्श. बोटं तीच, छिद्रं तीच. पहिला भूपाली, दुसरा देसकार. दोन्ही रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी सलग ऐका. नाव न सांगता वेगळे कळले नाहीत तर याचा अर्थ मुक्कामाचा स्वर पुरेसा लांबलेला नाही, किंवा वाटेवरचे स्वर उगाच लांबले आहेत. बहुतेक वेळा दुसरंच असतं. वाटेवरच्या रे ला अर्धी मात्रा पुरते, तिथे नकळत पूर्ण मात्रा दिली जाते.

एका संगतीवर ३० मिनिटं करायचं काय, तर आधी बासरी खाली ठेवून 'सा रे ग ऽ, रे ग, सा रे ध़ सा' तानपुऱ्याबरोबर पाच-सहा वेळा गायची. गळा गोड असायची गरज नाही, स्वर जागेवर हवा. श्वास कुठे घ्यावासा वाटतो ते गाताना आपोआप कळतं. मग बासरी ओठाला न लावता नुसती बोटं चालवायची, मनात गात. मग वाजवायची. त्यानंतर दर फेरीला एकच गोष्ट बदलायची: ग दोन मात्रा, मग चार, मग आठ. ग ला रे कडून यायचं, मग प चा कण (ओझरता स्पर्श) घेऊन. ग हळू सुरू करून मोठा करायचा, मग उलट. एका फेरीत दोन गोष्टी बदललेल्या असल्या की काय बिघडलं ते कळतच नाही.

भूपालीत बासरीवाल्याची खरी परीक्षा घेणाऱ्या जागा दोन: 'सां ध' आणि 'प ग'.

'सां ध' ची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) होते. सां ला वरची तीन छिद्रं बंद, ध ला पाच. म्हणजे उजव्या हाताची तर्जनी चौथ्या छिद्रावर बाजूने सरकवत आणायची आणि ती अर्ध्यावर आली की मधलं बोट पाचव्यावर सरकवायला लागायचं. तर्जनी पूर्ण बसेपर्यंत मधलं बोट थांबलं तर मध्ये शुद्ध नि ऐकू येतो. निषाद नुसता ओलांडायचा. तिथे रेंगाळलात की ऐकणाऱ्याला शुद्ध कल्याण आठवतो. छिद्र अर्धं झाकलेलं असताना आवाज पोकळ होतो आणि घाबरून फुंक वाढवली जाते, त्यामुळे मींड मध्येच उसळते. मींडभर फुंक तेवढीच ठेवायची.

'प ग' ची मींड मात्र सहा छिद्रांच्या बासरीवर सलग होत नाही. मध्य प म्हणजे सगळी छिद्रं बंद आणि फुंक वरची. ग म्हणजे फक्त पहिलं छिद्र बंद आणि फुंक खालची. मध्ये खड्डाच आहे. तिथे आभास निर्माण करावा लागतो: प च्या शेवटी आवाज विरत न्यायचा, सूर उतरू न देता, आणि ग जिभेशिवाय, विरलेल्या प च्याच आवाजाच्या पातळीवर सुरू करायचा. प मोठा संपला आणि ग मोठा सुरू झाला की पायरी ऐकू येते. दोन्ही टोकं मऊ असतील तर कान खड्डा बुजवून घेतो.


अर्धं छिद्र:

'कुईं' बद्दल. छिद्रं फुंकेच्या बाजूने १ ते ६ मोजू.

म॑ ला सगळी उघडी. ध ला १ ते ५ बंद आणि फुंक वरच्या सप्तकाची. म्हणजे पाच बोटं एकदम खाली आणि ओठ त्याच क्षणी पुढे. यात दोन वेगवेगळे दोष होतात, आणि आपला कोणता ते आधी ठरवावं लागतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने ऐका.

म॑ नंतर खाली उतरत जाणारी शेपटी ऐकू येत असेल तर बोटं एकामागून एक बसत आहेत: १ बसलं की ग, २ बसलं की रे, ३ बसलं की सा. यालाच तुम्ही 'कुईं' म्हणताय. दुसरा दोष म्हणजे क्षणभर मंद्र ध ऐकू येऊन मग वरचा ध लागणं. तिथे बोटं बरोबर आहेत, फुंक उशिरा बदलतेय. आणि म॑ वरच वरच्या सप्तकाची किंकाळी येत असेल तर फुंक घाईने बदलतेय.

बोटांच्या दोषावर उपाय. ग वर असतानाच ४ आणि ५ बंद करून ठेवा, म॑ वरही तशीच. आता ध ला फक्त डाव्या हाताची तीनच बोटं टाकायची राहतात, आणि बासरीलाही आधार मिळतो. नाहीतर सगळं उघडं असताना ती अंगठ्यांवर गोल फिरते. ४ आणि ५ बंद ठेवल्याने म॑ किंचित उतरतो, तो ओठाने सावरावा लागतो. ग ही जरा उतरतो, पण ते पथ्यावरच पडतं. कारण खाली कोणीतरी ट्यूनरवर लिहीलच.

मग मुका रियाज: फुंकायचं नाही, म॑ ची बोटं, मग ध ची. बोटं बांबूवर पडल्याचा आवाज ऐका. 'टप्' असा एकच आला पाहिजे. 'टपरप्' असा आला तर एक बोट मागे आहे, बहुतेक डावी अनामिका. तिचं कारण साधं असतं: उघडी असताना ती छिद्रापासून दीड-दोन इंच वर गेलेली असते आणि तर्जनी अर्धा इंच. सगळी बोटं सारख्या उंचीवर, छिद्रापासून बोटाच्या जाडीएवढ्या अंतरावर ठेवली की निम्मा दोष तिथेच संपतो.

फुंकेच्या दोषाला बोटांचा उपयोगच नाही. ध ची बोटं दाबून ठेवा आणि नुसत्या ओठांनी ध़ – ध – ध़ – ध, ४०च्या लयीत, दर स्वर दोन मात्रा, जीभ न लावता. मग प़ – प, नि़ – नि, सा – सां. वर जाताना ओठ जरासे पुढे आणि फट बारीक. जोर वाढवून वर गेलात तर स्वर चढा लागतो आणि परत खाली येताना अडखळतो. दिवसाला पाच मिनिटं, दहा दिवस. मग दोन्ही जोडा. पहिला आठवडा ध वर हलका 'तु' चालेल, त्या क्षणी हवा थांबते आणि शेपटी ऐकू येत नाही. पण त्या 'तु' वर कायमचा संसार थाटू नका, यमनच्या आलापात तो खटकतो.

यमनमध्येच आणखी एक जागा तपासा, 'नि़ रे ग'. नि़ ला १ ते ४ बंद, रे ला १ आणि २. म्हणजे डावी अनामिका आणि उजवी तर्जनी एकाच वेळी उचलायची. तर्जनी केसभर आधी उठली की मध्ये सा चमकतो, आणि यमनच्या उठावात जो सा मुद्दाम टाळलेला असतो तोच ऐकू येतो. अनामिका आधी उठली तर रे क्षणभर दबका वाजतो, तो दोष सहसा ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तेव्हा चुकायचंच असेल तर अनामिकेच्या बाजूने चुका.


चौथा पडदा:

ट्यूनरचं मीच लिहितो.

ॲपमधला हिरवा पट्टा हा पेटीच्या, म्हणजे सारख्या बारा भागांच्या सप्तकाचा असतो. त्यात शुद्ध ग सा पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). तानपुऱ्यातून निघणारा, सा शी मिळालेला ग सुमारे ३८६ वर. १४ सेंटचा फरक, आणि तो कानाला स्पष्ट बोचतो. ग शी मिळणारा ध ८८४ च्या आसपास, ॲप मागतं ९००. शुद्ध नि १०८८, ॲप मागतं ११००. प ७०२ आणि रे २०४, इथे फरक नगण्य, म्हणून प दोघांनाही पसंत पडतो. ॲप फक्त सा ची काळी-पांढरी पट्टी जुळवायला वापरा, मग बंद करा. तानपुरा खरा.

यात एक मेख आहे. बऱ्याच बासऱ्या ट्यूनर समोर ठेवूनच बनवलेल्या असतात. म्हणजे छिद्रं 'हिरवा' ग देतात आणि सुरातला ग वादकाला काढावा लागतो: बासरी ओठाकडे किंचित फिरवून, किंवा खालचा ओठ फुंकेच्या छिद्रावर जरा जास्त झाकून. एरवी ओठाने छिद्राचा चौथा ते तिसरा हिस्सा झाकलेला असतो. ग ला त्याहून केसभर जास्त. मात्र ही सवय फक्त त्या स्वरापुरती हवी. ओठ तसाच राहिला तर पुढचा रे पण उतरतो.

कान तयार करायचा तर ठोके मोजा. तानपुरा हळू ठेवा, बासरीपेक्षा मोठा नको. मोठा असला की आपला बेसूर त्याच्यात बुडून जातो. पांढरी तीनचा सा सुमारे ३३० हर्ट्झ. तुमचा सा ३३२ ला असेल तर सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात, 'वँव-वँव' अशा. दोन हर्ट्झ म्हणजे इथे जवळपास १० सेंट. लाटा मंदावत मंदावत थांबल्या की सूर मिळाला. सा वर जमलं की प वर, मग ग वर. रोज १० मिनिटं नुसता सा वाजवता, त्याऐवजी चार मिनिटं सा, तीन मिनिटं प, तीन मिनिटं ग अशी वाटणी करा आणि दर श्वासाला हेच ऐका.

पट्टी लावण्याची वेळही महत्त्वाची. हवेचं तापमान १ अंशाने वाढलं की बासरी सुमारे ३ सेंट चढते. डिसेंबरच्या सकाळी थंड बांबू हातात घेऊन लगेच तानपुरा जुळवला तर दहा मिनिटांत बासरी श्वासाने तापून वर गेलेली असते आणि वादक बिचारा ओठ वाकडे करून तिला खाली ओढत बसतो. आधी पाच-सात मिनिटं मंद्रात वाजवा, मग तानपुऱ्याची पट्टी बारीक फिरवून जुळवा.

तार ग चढतो त्याचं कारण वर आलंच आहे: जोर. तपासायचं असं. सा आणि सां ची बोटं एकच. सा लावा, बोटं न हलवता सां वर जा, आणि सां हळूहळू बारीक करत न्या. बारीक होताना तो एकदम खालच्या सा वर कोसळला तर तुम्ही त्याला फक्त जोराने वर धरून ठेवलं होतं. ओठांची फट बारीक असेल तर सां अगदी हळू आवाजातही टिकतो. सां टिकायला लागला की रें, मग गं. गं हळू आवाजात वाजवता आला की तो चढायचा थांबतो. सां हळू आवाजातही सातत्याने बेसूर असेल, आणि मध्य सा बरोबर असेल, तर बंद बाजूचं बूच सरकलंय का ते पाहा. बुचाची जागा बदलली की दोन सप्तकांचं नातं बिघडतं. स्वतः ठोकाठोकी नको, बनवणाऱ्याकडे न्या.


खर्जाचा सूर:

पलटे १५ मिनिटांवर आणा हे पटत नाही. द्रुत तानांना बोटांची मजुरी लागतेच, ती संगती गाऊन होत नाही. मजुरी शहाणपणाने करा एवढंच म्हणेन. १६०ला सलग पळवण्यापेक्षा ८०ला वाजवा आणि आघात फिरवा: चारच्या पलट्यात पहिल्या स्वरावर वजन, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. तोच सारेगप पलटा तीनतालाऐवजी रूपकच्या सात मात्रांत बसवा. बोटं तीच, पण सम कुठे येते याकडे लक्ष द्यावंच लागतं. असे ३० मिनिटं पलटे कंटाळवाणे होत नाहीत. आणि १६०ची परीक्षा आठवड्यातून एकदा पुरे. रोज वजनकाट्यावर उभं राहिल्याने वजन कमी होत नाही.

आता श्वास. ८०च्या लयीत तीनतालाचं आवर्तन १२ सेकंदांचं. अर्धं म्हणजे ६ सेकंद. ई बासवर ६ सेकंद पुरत नसतील तर छाती लहान नाही, गळती आहे. ती दोन ठिकाणी असते.

पहिली ओठांत. तळहात तोंडासमोर वीतभर अंतरावर धरून बासरीत फुंकता तसंच फुंका. थंड, बारीक धार एकाच जागी लागली पाहिजे. ऊबदार, पसरट हवा लागली तर फट मोठी आहे. निम्मी हवा छिद्राच्या काठावर पोचतच नाही, नुसती फुसफुस होते. आरशासमोर पाहा, फट तांदळाच्या दाण्यासारखी, आडवी आणि मध्यभागी.

दुसरी बोटांत. पाच मिनिटं मंद्रात वाजवून बोटांचे ठसे बघा. छिद्राचा पूर्ण गोल उमटला असेल तर ठीक. चंद्रकोर उमटली तर तेवढी हवा तिथून जातेय. डावी अनामिका आणि उजवी अनामिका, बहुतेक याच दोघी. बासवर बोटाचं टोक नव्हे, पहिल्या आणि दुसऱ्या पेराचा सपाट भाग छिद्रावर यायला हवा. उलट ठसा खोल आणि लालभडक असेल तर दाब जास्त आहे. असा दाब देणाऱ्याची बोटं द्रुतमध्ये चिकटतात, आणि पलट्यांचा वेग अडतो तो बहुतेक इथेच.

गळती बंद झाली की मोजा: मध्य सा मऊ आवाजात, सूर न हलता, २० सेकंद; मंद्र प १२ सेकंद. मंद्र प ला हवा जास्त लागते, त्याच्याकडून २० ची अपेक्षा ठेवू नका. शेवटची दोन-तीन सेकंद महत्त्वाची. श्वास संपताना फुंक ढिली पडते आणि सूर उतरतो. तिथे फट आणखी बारीक करायची, म्हणजे हवा कमी झाली तरी धारेचा वेग टिकतो.

आणि श्वास कुठे घ्यायचा ते बंदिशीवर पेन्सिलने लिहून ठेवा. छाती रिकामी झाली की घेतलेला श्वास नेहमी चुकीच्या जागी पडतो: 'ग प' आणि 'ध' च्या मध्ये, म्हणजे शब्द तोडून. मुखड्याच्या आधी एक मात्रा मोकळी सोडा आणि तिथेच घ्या. त्या मात्रेत काही वाजलं नाही म्हणून कोणी हळहळत नाही. लहान श्वास तोंडाच्या कोपऱ्यातून, ओठ छिद्रावरून न उचलता. ओठ उचलला की परत बसताना जागा चुकते आणि पहिला स्वर फुसका जातो.


वेळूबन:

सगळ्यांचे आभार. ठसे पाहिले: डावी अनामिका, चंद्रकोर. 'टपरप्' सुद्धा तिचंच.

दोन शंका. रेकॉर्डिंग ऐकताना मंद्र सप्तक मध्येमध्ये तुटल्यासारखं येतं, प्रत्यक्षात तुटत नाही. आणि सातव्या छिद्राची बासरी घेतली तर म॑ चा प्रश्न सुटेल का?


मंद्रमध्य:

आधी खर्जाचा सूर यांना: आघात फिरवून पलटे, हे मान्य. मग १५ आणि ३० ऐवजी २० आणि २० करा आणि उरलेल्या पाच मिनिटांत ध़ – ध. माझा विरोध १६०च्या मेट्रोनोमला होता, पलट्याला नाही.

रेकॉर्डिंगचं: मोबाइलचं साधं रेकॉर्डर बोलण्यासाठी बेतलेलं असतं. सलग सूर त्याला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो दाबून टाकतं. सेटिंगमध्ये आवाज कमी करणारा, 'नॉइज'वाला पर्याय असेल तर बंद करा. फोन समोर चार-पाच फुटांवर ठेवा, फुंकेच्या धारेच्या रेषेत नको. तीस सेकंदांहून जास्त रेकॉर्ड करू नका; अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग कोणीही ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी रियाजाआधी ऐकायचं आणि एकच दोष वहीत लिहायचा. त्या दिवशी त्याच्याच मागे लागायचं.


अर्धं छिद्र:

सातवं छिद्र. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी लांब बासरीबरोबर रूढ केलेली सोय ही, आणि त्यांच्या परंपरेतले वादक ती वापरतात. सहाव्याच्या खाली एक छिद्र, उजव्या करंगळीने झाकायचं. सातही बंद केली की मंद्र तीव्र म मिळतो, आणि त्याच बोटांवर वरची फुंक दिली की मध्य म॑. म्हणजे 'म॑ प' ची मींड एका करंगळीवर, एकाच फुंकेत होते. तुमचं 'म॑ ध' सुद्धा दोन बोटं उचलण्यापुरतं राहतं, पाच बोटं टाकायची भानगड नाही.

पण मग 'ग म॑' अवघड होतं, कारण आता ग वरून सगळी बोटं टाकून फुंक बदलायची. खड्डा बुजत नाही, एक घर खाली सरकतो. संगतीत म॑ कुठून येतो आणि कुठे जातो ते पाहून दोनपैकी कोणता म॑ वापरायचा हे ठरवावं लागतं: 'ग म॑ ग' ला वरचा उघडा, 'म॑ प' आणि 'प म॑ प' ला खालचा बंद. भूपालीच्या 'प ग' ला याचा काडीचाही उपयोग नाही.

घ्यायचीच तर ई बासवर करंगळीची पोच आधी बघा. सध्याच्या बासरीवर सहाही छिद्रं झाकून, मनगट न वळवता, करंगळी जिथे सहज टेकते तिथे पेन्सिलने खूण करा आणि ती खूण बनवणाऱ्याला दाखवा. सातवं छिद्र सरळ रेषेत न पाडता करंगळीच्या बाजूला सरकवून पाडता येतं. करंगळी ताणली तर उजवी अनामिका छिद्रावरून उचलली जाते, आणि मग तिकडेही चंद्रकोर.